निरोगी गटातली मुलगी

मोठीचा धाकटा भाऊ घरात इतकी बडबड करायचा की बापाने त्याचं नावच पोपट ठेवलं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याचं तोंड उघडायचं. मुंगीला गुडघे असतात का, विमानाला पाठीमागून ढकललं तर काय होईल, काल रात्री स्वप्नात आपण जिराफ होतो तेव्हा मान दुखली का नाही, असले प्रश्न तो दात घासताना विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडातला फेस थुंकायचा नाही.

पण हाच पोपट दाराबाहेर पाऊल पडलं की मुका व्हायचा. शाळेत, दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही त्याच्या तोंडून चकार शब्द निघत नसे. शाळेत दोन वर्षं काढून झाली तरी वर्गातल्या एकाही मुलाने त्याचा आवाज ऐकला नव्हता. कुणी म्हणे लाजाळू आहे, कुणी म्हणे हट्टी आहे, एक काका तर म्हणाले, “दोन धपाटे घाला, आपोआप बोलेल.” आई ते ऐकून घ्यायची आणि घरी आल्यावर भांडी जरा जास्तच आपटायची.

बाहेर पोपटाचा आवाज म्हणजे मोठी. ती चौदा वर्षांची, तो सात. काही हवं असलं की तो तिची बाही ओढायचा, ती वाकायची आणि तो कानात कुजबुजायचा. मग मोठी ते मोठ्याने सांगायची. आइस्क्रीमच्या दुकानात तो व्हॅनिला म्हणायचा आणि मोठी चॉकलेट सांगायची, कारण अर्धं तिलाच खायचं असायचं. पोपट डोळे वटारायचा, पण तक्रार कुणाकडे करणार!

मग आईला कुणीतरी बालविकास केंद्राचा पत्ता दिला. तिथे नेमक्या अशाच मुलांवर संशोधन चालू होतं. घरात भरभरून बोलणाऱ्या मुलांचा आवाज बाहेर घशात का अडकतो, आणि तो हळूहळू मोकळा कसा करता येईल, हे तिथली मंडळी तपासत होती. “हा हट्ट नाही हो, भीती आहे,” तिथल्या बाई म्हणाल्या, तेव्हा आई खुर्चीत बसल्या बसल्या रडली. त्या दिवसापासून दर बुधवारी केंद्रात जायचं ठरलं.

या बाईंना मोठीने मनातल्या मनात गुडघेबाई असं नाव दिलं. लहान मूल दिसलं की त्या लगेच गुडघ्यांवर बसायच्या, त्यामुळे त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यांवर पांढुरक्या झाल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, आणि तीच तर अडचण होती. वाईट असत्या तर त्यांचा राग तरी नीट करता आला असता.

बुधवारी आई अर्ध्या दिवसाची रजा घ्यायची. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. बाह्यांना प्लास्टरची पांढरी भुकटी लागलेली असतानाच ती शाळेच्या फाटकाशी उभी राहायची आणि तिघं बसने केंद्रात जायची. बाप पाइपलाइनच्या कामावर लांब असायचा. महिन्यातून एक आठवडा घरी आणि बाकी फोनवर. मोठीला एकटीला घरी ठेवायला नको म्हणून आई तिलाही घेऊन जायची. मोठीची जागा ठरलेली होती. बाहेरच्या पॅसेजमधला बाक, शेजारी पाण्याचं मशीन आणि भिंतीवर जंगलाचं चित्र, ज्यातल्या वाघाला कुणीतरी पेनने मिशा काढल्या होत्या.

आत काय चालायचं ते दाराच्या फटीतून दिसायचं. मऊ गालिचा, बुटकं टेबल, एका भिंतीला काच. आई आणि पोपट खेळायचे, बोलायचे. पहिले काही आठवडे बाई काचेपलीकडेच राहिल्या. मग दार किलकिलं झालं. मग त्या आत आल्या, पण पाठ करून कोपऱ्यात बसल्या. मग थोड्या जवळ. बाई एक पाऊल पुढे सरकल्या की पोपटाचा आवाज कमी व्हायचा, मग पुन्हा सगळे थांबायचे, जणू पाखराला चाहूल लागू नये.

एका बुधवारी मोठीने फटीतून पाहिलं, तर आई गालिच्यावर चक्क पोटावर पडली होती. तोंडाने गाडीचा आवाज काढत होती, तिची एक चप्पल निघाली होती आणि ती खळखळून हसत होती. मोठीने आईला असं पडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. घरी आई एकतर उभी असायची, नाहीतर झोपलेली. मोठी परत बाकावर येऊन बसली आणि वहीत आधीच सोडवलेलं गणित पुन्हा सोडवायला लागली. तिला वाटलं आपल्याला भूक लागली आहे. पिशवीतलं सँडविच खाल्लं. भूक नव्हती ती.

काही दिवसांनी गुडघेबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. गुडघ्यांवर नाही, बाकावर. “आम्हाला अशा मुलांच्या भावंडांशीही बोलायचं असतं. तुझी तयारी असेल तरच. आईने हो म्हटलं आहे, पण तुझा होकार वेगळा लागतो.”

आपला होकार वेगळा लागतो हे ऐकून मोठी सरसावून बसली. लगेच हो म्हणाली.

छोट्या खोलीत बाईंनी आधी समजावलं. “तू जे सांगशील ते याच खोलीत राहील. आईलासुद्धा मी सांगणार नाही. एकच अपवाद. तुझ्या जिवाला काही धोका आहे असं मला वाटलं, तर मात्र मला आईला बोलवावं लागेल. चालेल?”

मग प्रश्न. झोप लागते का? जेवण जातं का? शाळेत जायची भीती वाटते का? मोठीने खरं खरं सांगितलं. झोप लागते, जेवण जातं, भीती नाही. बाईंचं पेन सरसर खाली येत गेलं.

“छान. तू आमच्या निरोगी गटात.”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्यांना काही त्रास नाही, त्यांच्यात. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या मुलांचं आम्हाला काही कळत नाही.”

बाईंना वाटलं आपण कौतुक केलं. मोठी बाहेर येऊन पुन्हा वाघासमोर बसली. म्हणजे मी फूटपट्टी, तिच्या मनात आलं. माप घ्यायचं पोपटाचं, मी आपलं शेजारी आडवं पडून राहायचं.

त्याच महिन्यात शाळांच्या स्पर्धेत मोठी गोळाफेकीत दुसरी आली. घरी येऊन तिने पदक टेबलावर ठेवलं. “अरे वा!” आई म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, आणि पदक उचलून पाहिलंही. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून मावशी होती. “अगं, आज काय झालं माहितीये?” आईने पदक हातात तसंच धरून सांगायला सुरुवात केली. “आज पोपटाने त्या बाईंकडे बघून मान हलवली! हो! बाईंनी विचारलं, लाल हवा का, आणि यानं हलवली!” ते बराच वेळ चाललं. मान कशी हलवली, किती हलवली, मग बाई काय म्हणाल्या. फोन संपला तेव्हा पदक चुकून चमच्यांच्या डब्यात गेलं होतं.

मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. मान हलवली! अख्खा गोळा फेकला तर अरे वा, आणि नुसती मान हलवली तर मावशीला फोन! त्या दिवशी पोपटाने तिला विचारलं, “गोळा जड असतो का?” ती म्हणाली, “तुझ्या आईला विचार.”

“ती तुझीपण आई आहे,” पोपट म्हणाला.

“वाटत तर नाही.”

सहा महिन्यांनी भावंडांची दुसरी फेरी होती. त्या बुधवारी बसमध्ये आई आणि पोपट पुढच्या सीटवर बसले होते. मोठी मागे एकटीच. बाईंचं ते वाक्य तिच्या मनात केव्हापासून घोळत होतं. धोका वाटला, तर आईला बोलवावं लागेल. केंद्राच्या स्टॉपवर उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं.

“झोप लागते का?” बाईंनी विचारलं.

“नाही. पहाट होते तरी जागीच असते.”

पेन थांबलं. बाईंनी वर पाहिलं. “कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“जेवण?”

“जात नाही. घास तोंडात फिरतो.” हे तिने कुठल्यातरी मालिकेत ऐकलं होतं.

“आणखी काही सांगावंसं वाटतं?”

मोठीने टेबलाच्या कडेवरचा निघालेला पापुद्रा नखाने उचकटला. “मला घरातून निघून जावंसं वाटतं. जाणारच आहे एक दिवस. कुणाला कळायच्या आत.”

बोलताना तिचा आवाज कापला. तो तिने मुद्दाम कापवला नव्हता. त्याचं तिला जरा नवल वाटलं.

बाई घाईने काही बोलल्या नाहीत. कुठे जाणार, कुणाबरोबर, कधी ठरवलं आहे का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, असं एक एक शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, “मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं, आठवतं? आता मला आईला बोलवायला हवं.”

“बोलवा,” मोठी म्हणाली. तिचं काळीज धडधडत होतं आणि त्या धडधडीत थोडा आनंदही होता.

आई आली ती जवळजवळ धावतच. पोपट तिच्या मागोमाग, एका हाताने तिचा कुर्ता धरून. त्याला दुसऱ्या कुणाजवळ ठेवणं शक्यच नव्हतं. आई मोठीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, मग खुर्ची तिच्याकडे वळवली. मोठीचे दोन्ही हात तिने हातात घेतले. प्लास्टरने खरखरीत झालेले ते हात गार पडले होते. इतक्या जवळून आईने आपल्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, मोठीला आठवेना. या क्षणी आईला दुसरं काहीही दिसत नव्हतं. पोपटसुद्धा.

“अगं, बोलली का नाहीस? माझ्याशी का नाही बोललीस?”

मोठीने मान खाली घातली. वाईटही वाटत होतं आणि छानही. हे असंच थोडा वेळ चालावं, एवढंच तिला हवं होतं.

“नीट झोपत नाही ती, पहाटेपर्यंत जागी असते,” बाई आईला हळू आवाजात सांगत होत्या. “तुमच्या लक्षात आलं होतं का?”

आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

“खोटं.”

आवाज टेबलाच्या खालच्या बाजूने आला. बारीक, पण ठसठशीत.

“खोटं बोलते ती. ती घोरते.”

पोपट आईच्या खुर्चीमागून पुढे आला होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. दोघं भावंडं एकाच खोलीत झोपायची, आणि इतका धडधडीत खोटेपणा त्याला सहन झाला नव्हता. “आणि जेवतेपण,” तो म्हणाला. “माझी पोळीपण खाते.”

आईच्या हातातून मोठीचे हात सुटले. आईने ते सोडले हे आईलाही कळलं नसावं. तिचे हात तिच्या स्वतःच्या तोंडावर गेले होते.

गुडघेबाई मात्र पक्क्या होत्या. असं मूल पहिल्यांदा बोललं की टाळ्या पिटायच्या नसतात, डोळे विस्फारायचे नसतात, नाहीतर ते पुन्हा कवचात जातं. रोजचंच काही बोलणं चालू असल्यासारखं त्यांनी विचारलं, “घोरते? कशी?”

पोपटाने नाक वर करून मोठीचं घोरणं करून दाखवलं. आधी खर्र, मग बारीक शिट्टी.

आई हसली आणि रडली, दोन्ही एकाच वेळी. पोपटाला ओढून तिने पोटाशी धरलं. त्याचं डोकं तिच्या हाताखाली दिसेनासं झालं. मोठी शेजारच्या खुर्चीवर तशीच बसून राहिली. आईची खुर्ची अजून तिच्याकडे वळवलेली होती, पण आईचं तोंड आता दुसरीकडे होतं.

बाईंनी मात्र मोठीकडे पाहिलं. “आपण बोलू या,” त्या हळूच म्हणाल्या. “आज नाही, पण नक्की.” मोठीला त्यांचंही काही नको होतं.

घरी गेल्यावर जे झालं त्याची तिने कल्पनाही केली नव्हती. तिला वाटलं होतं, ओरडा बसेल. तो तरी बसायला हवा होता! पण आईचा फोन सुरू झाला. आधी बापाला, मग मावशीला, मग आत्याला, मग धपाटे घाला म्हणणाऱ्या काकांनाही. “बोलला हो! बाहेरच्या माणसासमोर, चांगला मोठ्याने! काय बोलला? अहो, म्हणाला, ती घोरते!” आणि प्रत्येक फोनच्या पलीकडून हशा. साऱ्या नातेवाइकांत आनंदीआनंद झाला आणि सगळ्यांना कळलं की मोठी घोरते. झोप लागत नाही असं ती का म्हणाली होती, हे विचारायचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढच्या बुधवारांत पोपट बाईंशी बोलू लागला. आधी कुजबुजत, मग साध्या आवाजात. मोठी पॅसेजमध्ये बसून ऐकायची. मुंगीच्या गुडघ्यांचा प्रश्न त्याने बाईंनाही विचारला, आणि बाई म्हणाल्या, “छान प्रश्न आहे, मलाही माहीत नाही.” मोठीच्या नाकाला मिरची झोंबल्यासारखं झालं. तो प्रश्न आपला होता. म्हणजे त्याचा होता, पण सांगितला पहिल्यांदा आपल्याला होता. आजवर त्याचा शब्द घराबाहेर पडायचा तो आपल्या कानातून. आता बाही ओढायला तो येत नव्हता. परतीच्या वाटेवर दुकानात त्याने स्वतःच काउंटरवर हनुवटी टेकवून सांगितलं, “व्हॅनिला.” हळू म्हणाला, पण म्हणाला. आईने मोठीचा दंड दाबला, बघ, बघ म्हणून. मोठीने बघितलं. तिला आईचा हेवा वाटला, बाईंचा वाटला, त्या दुकानदाराचासुद्धा. आपल्याला नेमकं कुणाचं काय हवं आहे हेच तिला कळेनासं झालं होतं.

त्या शनिवारी शाळेतून ती घरी न जाता सरळ आईच्या लॅबमध्ये गेली. शनिवारी आई एकटीच असायची. टेबलावर साच्यांच्या रांगा, दिव्याखाली गुलाबी मेणाचा गोळा. आई चिमट्याने एक एक दात मेणात बसवत होती.

“आलीस?” तिने वर न बघता म्हटलं. “बस. त्या ट्रेला हात लावू नकोस, ओला आहे.”

मोठी स्टुलावर बसली. आईची बारीक सुरी मेणावर फिरत होती.

“मी खोटं बोलले होते,” मोठी म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग ओरडली का नाहीस?”

आईने सुरी खाली ठेवली. “कारण ओरडायला लागले असते तर थांबले नसते.” मग ती वळली, आणि तिचा आवाज एकदम चढला. “अक्कल आहे का तुला? घरातून निघून जाणार म्हणे! बाई मला बोलवायला आल्या, त्या काचेच्या खोलीपासून तुझ्या खोलीपर्यंत मी कशी आले माझं मला माहीत! पुन्हा असलं काही तोंडातून काढलंस तर बघ!”

मोठी रडायला लागली. तिला वाईट वाटलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी हायसंही वाटलं होतं.

आईने फडक्याला हात पुसले. मग तेच फडकं तिला दिलं, ते प्लास्टरने भरलेलं आहे हे लक्षात आल्यावर परत घेतलं आणि आपल्या बाहीने तिचं नाक पुसलं, लहान असल्यासारखं.

“ओरडले नाही त्याचं दुसरंही कारण आहे,” ती म्हणाली. “बाईंनी मला विचारलं, नीट झोपत नाही हे लक्षात आलं होतं का? आणि मला उत्तरच येईना. तू झोपतेस की नाही हे मला ठाऊकच नव्हतं गं. पोपटाला ठाऊक होतं. मी एवढी तिथे बसलेली, आणि माझ्या मुलीचं उत्तर सात वर्षांचा पोरगा देतो.” “तो बोलला म्हणून आनंद झालाच. पण थोडं झोंबलंही. तुमचं दोघांचं आपसात सगळं असतं. मी आपली बाहेर.”

मोठी तिच्याकडे बघत राहिली. आई, आणि बाहेर? पॅसेजमध्ये तर आपण बसतो.

“तू त्याच्याबरोबर पोटावर पडतेस,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर कधी पडलीस?”

“तू पडू देशील? परवा केस विंचरायला आले तर म्हणालीस, आई, जा.”

हे खरं होतं.

गुडघेबाईंशीही बोलणं झालं. त्यांनी सांगितलं की त्या दिवसाची उत्तरं अभ्यासात धरता येणार नाहीत. “चिडल्या असाल,” मोठी म्हणाली. “नाही,” बाई म्हणाल्या, “खोटं कशासाठी बोललीस तेवढं कळलं तर मला आवडेल. अभ्यासासाठी नाही. अशीच.” मोठीने अर्धंमुर्धं सांगितलं. गोळाफेकीचं सांगितलं, मान हलवण्याचं सांगितलं. मुंगीच्या गुडघ्यांचं सांगितलं नाही. “मग मी आता कुठल्या गटात?” तिने विचारलं. “सध्या कुठल्याच नाही,” बाई म्हणाल्या. ते तिला बरं वाटलं.

पुढे केंद्रातलं पोपटाचं काम आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा झालं. शाळेत त्याच्या बाई त्याच्याशी तसंच हळूहळू बोलू लागल्या होत्या आणि त्याला एक मित्रही मिळाला होता. आईने लॅबमधली बुधवारची रजा मात्र तशीच ठेवली. “एक बुधवार तुझा,” ती मोठीला म्हणाली. “कुठे जायचं सांग.” मोठीला काही सुचेना. इतके दिवस हवं हवं म्हणून जळफळाट केला, आणि आता हातात आल्यावर त्याचं काय करायचं कळेना. शेवटी दोघी एका साध्या हॉटेलात जाऊन बसल्या. पोपटाला शेजारणीकडे ठेवलं होतं.

सुरुवातीचा वेळ अवघडच गेला. आईने दोनदा फोन पाहिला. मोठीने ते मोजलं. मग आई म्हणाली, “शाळा कशी चाललीये?” मोठी म्हणाली, “ठीक.” दोघींनी चहात साखर ढवळली. मग कशावरून कोण जाणे, मोठी तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल बोलायला लागली, जी तिची मैत्रीण होती आणि आता नव्हती. गोष्ट लांबलचक होती, तीत बरीच माणसं होती, आणि आई मध्येच विचारायची, “थांब, म्हणजे ही ती खो-खोवाली?” “नाही गं, ती वेगळी!” मोठी वैतागायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तिसऱ्यांदा सांगताना आईला सगळी माणसं बरोबर कळली.

घरी आल्या तेव्हा पोपट दारातच उभा होता. “कुठे गेला होतात?”

“हॉटेलात,” मोठी म्हणाली.

“मला सोडून?”

“हो.”

पोपटाने आईकडे पाहिलं, मोठीकडे पाहिलं आणि आत निघून गेला. जेवायला आला तो मुकाट्याने. काय वाढू विचारलं तर बोटाने दाखवलं. शाळेत काय झालं विचारलं तर खांदे उडवले. घरात पहिल्यांदाच चमच्यांचा आवाज ऐकू येत होता. आईचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. “अगं, हे काय आता? घरातपण बंद झालं का? बाईंना फोन करू का?”

“काही झालेलं नाही त्याला,” मोठी म्हणाली. “रुसलाय. जळतोय माझ्यावर.”

“नाही जळत!” पोपट ओरडला.

मोठीला मनापासून बरं वाटलं. तिने आपल्या ताटातली अर्धी पोळी त्याच्या ताटात टाकली. त्याने ती उचलून परत तिच्या ताटात टाकली, आणि मग पुढचा अख्खा तास, हॉटेलात काय खाल्लं, त्याला का नाही आणलं, तिथे पंखे किती होते आणि मैत्रीण मैत्रीण राहिली का नाही, हे तो विचारत राहिला.